बुरशी आधी स्वतःचा वाटा काढून घेते
(गोबरगॅस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं)

सोयाबीनचं मळणीयंत्र गावातून गेलं की महिनाभरानं माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी "ज्योत पिवळी का येते", "ड्रमला गंज लागला, काय लावू" असले प्रश्न असतात. यंदा मात्र अर्ध्याहून जास्त पत्रं बुरशीवर आली. मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ फिरतोय. काडाला धिंगरी अळिंबीची बुरशी लावा, मग ते गोबरगॅसमध्ये टाका, गॅस दुप्पट, असं त्यात म्हटलंय म्हणे. मी व्हिडिओ पाहिलेला नाही, पण प्रयोग करून पाहिलाय. त्यामुळे या वेळी सगळी पत्रं त्याच विषयावरची घेतली आहेत.

प्रश्न : ताई, आमचा दोन घनमीटरचा, तरंगत्या ड्रमचा गोबरगॅस आहे. बांधला तेव्हा दावणीला पाच जनावरं होती, आता दोनच उरलीत. शेण पुरत नाही. सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतरचं भुसकट, मात्र रगड आहे. म्हणून मागच्या महिन्यात रोज दोन घमेली गुळी शेणात कालवून टाकली. पंधरा दिवसांत ड्रम एका अंगाला कलला आणि होता तो गॅसही कमी झाला. धिंगरीची बुरशी लावून गुळी टाकली तर दुप्पट गॅस येतो असं ऐकलं. खरं आहे का? आणि कलत्या ड्रमचं काय करू? (औसा, जि. लातूर)

उत्तर : दादा, आधी ड्रम. आमच्या घरचाही असाच कलला होता आणि तो मीच कलवला होता. तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई, घरी आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात गव्हाचा भुस्सा तसाच कोरडा टाकीत ढकलून मोकळी झाली. जाऊबाईंनी तिसऱ्या आठवड्यात शेगडीपाशी बोलावलं आणि काही न बोलता ज्योत दाखवली. बोटभर उंच, तीही थरथरत होती.

काड पोकळ असतं, त्याच्या नळीत हवा असते आणि अंगावर मेणाचा पातळ थर असतो. ते बुडत नाही. शेणाच्या पाण्यावर तरंगतं, एकमेकांत गुंततं आणि वर हातभर जाडीची गोधडी तयार होते. वाळली की तिच्यावर ड्रम टेकतो. एका बाजूला गोधडी जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, म्हणून तो कलतो. गॅस तयार होत असतो, पण तो गोधडीखाली अडकतो आणि ड्रमच्या कडेनं बाहेर निघून जातो.

ड्रमला बाहेरून दांडे असतात ते धरून रोज सकाळ-संध्याकाळ ड्रम अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे फिरवायचा. आतून लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात, त्या याच कामासाठी, पापुद्रा मोडायला. तुमच्या गावात कुणी फिरवताना मला दिसलं तर मी पेढे वाटीन. आता इतका कलला असेल तर नुसतं फिरवून भागणार नाही. चार गडी लावून ड्रम उचला आणि लांब दांड्याच्या दाताळ्यानं काठावरूनच गोधडी ओढून काढा. जवळ विडी, काडी, कंदील काही नको. आणि टाकीत कुणीही उतरायचं नाही, "दोनच मिनिटं" म्हणूनसुद्धा नाही. आत प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाईड हा विषारी वायू असतो. आत पडलेल्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही, अशा घटना आपल्याकडे दर वर्षी होतात.

आता बुरशीकडे वळू. गुळीतून गॅस सहज का निघत नाही, ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. जुन्या घराची कुडाची भिंत आठवा. आत तुराट्या उभ्या-आडव्या विणलेल्या आणि दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा लेप. काडाचीही रचना तशीच असते. आतल्या तुराट्या म्हणजे सेल्युलोज. गॅस करणाऱ्या जिवाणूंचं खरं खाणं ते. त्याभोवती हेमिसेल्युलोजची गुंफण आणि सगळ्यावर लिग्निनचा लेप. लिग्निन हेच काडाला ताठ उभं ठेवतं. टाकीतल्या जिवाणूंना हा लेप फोडता येत नाही, कारण लिग्निन मोडायला प्राणवायू लागतो आणि आपली टाकी तर हवाबंद. त्यामुळे चाळीस-पन्नास दिवस टाकीत राहूनही काड बाहेर पडतं ते बरंचसं काडच असतं. स्लरीत, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या काल्यात, हात घालून पाहा, ओळखू येतं.

निसर्गात हा लेप उतरवण्याचं काम मुख्यतः पांढऱ्या कुजीच्या बुरशी करतात. पावसाळ्यात पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर पंख्यासारखी छत्री उगवते आणि आतलं लाकूड पांढरं, भुसभुशीत होतं, ती यांचीच करणी. धिंगरी त्याच कुळातली. या बुरशी लॅकेज, मँगनीज पेरॉक्सिडेज अशी एन्झाइम बाहेर सोडतात आणि ती लिग्निनचे तुकडे करतात. फॅनेरोकीट नावाच्या बुरशीतलं लिग्निन पेरॉक्सिडेज १९८३ साली अमेरिकेत दोन गटांनी जवळपास एकाच वेळी शोधलं, आणि त्यानंतर जगभर लोक बुरशी लावून काड मऊ करायच्या मागे लागले. तुमच्या व्हिडिओवाल्यानं काही आकाशातून आणलेलं नाही. मूळ कल्पना खरीच आहे.

मग अडतं कुठे?

आमच्या सासूबाई शेतावर गडी ठेवताना म्हणायच्या, "मजुरी सांगू नको, भाकरी किती खातो ते सांग." बुरशी हा असाच गडी आहे. लिग्निन काढण्याची मजुरी ती काडातूनच वसूल करते. नुसतं लिग्निन खाऊन तिचं पोट भरत नाही, ती हेमिसेल्युलोज खाते, थोडं सेल्युलोजही खाते. म्हणजे आपल्या गॅसचाच माल. खाल्लेल्याचा मोठा भाग कार्बन डायऑक्साईड होऊन हवेत जातो.

मी नोव्हेंबरात दहा किलो कोरडा भुस्सा ताणकाट्यावर तोलून घेतला, भिजवला, गरम पाण्यानं निर्जंतुक केला, स्पॉन, म्हणजे गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं अळिंबीचं बियाणं, मिसळून पिशव्या भरल्या. पंचवीस दिवसांत सगळा भुस्सा पांढऱ्या जाळीनं बांधला गेला, पिशवी फाडली तर पावाच्या लादीसारखा उभा राहत होता. मग ताडपत्रीवर पसरून कडक वाळवला आणि पुन्हा तोलला. काटा साडेआठवर. दीड किलो माल बुरशीनं खाल्ला होता, आणि अजून एक छत्रीही उगवली नव्हती.

आता हिशोब करा. एक किलो कोरड्या काडापासून, टाकी चांगली चालली आणि पुरेसा वेळ मिळाला, तर कागदावर ३५० लिटरच्या आसपास गॅस धरतात. म्हणजे दहा किलोचा ३,५०० लिटर. बुरशी लावलेल्या काडाचा गॅस किलोमागे २५ टक्क्यांनी वाढला असं समजू. हा निकाल चांगलाच म्हणायचा. प्रयोगशाळेत कधी याहून जास्त वाढ दिसते, तर कधी उलट घटही येते. पण आता काड दहा किलो राहिलेलं नाही, साडेआठ आहे. साडेआठ गुणिले ३५०, त्यावर पाव भाग वाढ, म्हणजे सुमारे ३,७२०. पदरात जादा पडले २२० लिटर. तेवढा गॅस साडेपाच किलो शेण देतं.

बरं, हे २२० लिटर फुकटात नाही आले. भुस्सा निर्जंतुक करायला मी शंभर लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापवलं. तेवढं पाणी गोबरगॅसच्या शेगडीवर तापवायचं म्हटलं तर जवळजवळ दोन घनमीटर गॅस जळतो. दोन घनमीटर घालवून पाव घनमीटरही मिळवायचा नाही! जाऊबाईंना मी हा हिशोब वहीत मांडून दाखवला. त्या म्हणाल्या, "मग पाणी चहालाच वापरलं असतं."

"दुप्पट गॅस" म्हणणारे हीच खोड करतात. ते गॅस मोजतात बुरशी खाऊन उरलेल्या किलोवर. तुम्ही शेतातून आणलेल्या किलोवर मोजा. प्रयोगाचा कुठलाही निकाल कुणी सांगितला तर एवढंच विचारा: हा किलो आधीचा की नंतरचा?

तर नुसत्या गॅससाठी गुळीला बुरशी लावू नका. तुमच्यासाठी सोपी वाट आहे. कडबाकुट्टीतून गुळीतले डेख, म्हणजे जाड काड्या, बारीक करून घ्या, बोटाच्या पेरापेक्षा मोठं नको. मग टाकीतून बाहेर पडलेल्या ताज्या स्लरीत तीन-चार दिवस भिजत ठेवा, वरून पोत्यानं झाका. काड फुगतं, मेण सुटतं, नळ्यांत पाणी शिरतं आणि ते बुडायला लागतं. सुरुवातीला शेणाच्या वजनाच्या दहावा भाग, यापेक्षा जास्त नको. महिनाभर ज्योत निळी टिकली तर हळूहळू वाढवा. गोठ्यातलं गोमूत्र वाया जात असेल तर तेही याच खड्ड्यात सोडा. गव्हाच्या काडात नत्राच्या ऐंशी ते शंभर पट कर्ब असतो, जिवाणूंना वीस-तीस पट मानवतो. सोयाबीनच्या गुळीत ही तफावत कमी असते, पण गोमूत्रातल्या नत्राचा तिलाही आधार होतो. जनावरांच्या चाऱ्यासाठी शंभर किलो काडाला चार किलो युरिया साठेक लिटर पाण्यात विरघळवून, शिंपडून, एकवीस दिवस झाकून ठेवतात, ती पद्धत तुम्हाला माहीत असेल. ते काडही गॅसला चांगलं चालतं. मात्र एकदम खूप टाकलं तर टाकीत अमोनिया वाढतो आणि गॅसच बसतो, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : मॅडम, आमच्याकडे पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग पडून आहे. कृषी केंद्रात ट्रायकोडर्मा स्वस्तात मिळतो, तीही बुरशीच. पऱ्हाटीवर ट्रायकोडर्मा मारून ती गोबरगॅसमध्ये टाकली तर? (ता. कळंब, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, नको. दोन कारणं आहेत.

ट्रायकोडर्मा खातो ते सेल्युलोज, लिग्निनच्या वाटेला तो फारसा जात नाही. म्हणजे कुडाच्या भिंतीतली माती तशीच ठेवून आतल्या तुराट्या खाणारा. गॅसचा माल तोच संपवतो. या बुरशीची ख्यातीच तशी आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे सडायला लागले, तेव्हा त्या कापडावरून जी बुरशी वेगळी केली ती ट्रायकोडर्माच्या जातीची. सुती कापड म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. आज कारखान्यांत सेल्युलेज एन्झाइम बनवायला तिचेच वंशज वापरतात. बियाण्याला लावा, मर रोगावर वापरा, कंपोस्टच्या ढिगात टाका, तिथे ट्रायकोडर्मा सोन्यासारखा. गॅससाठी नाही. शेतात काड कुजवायला गूळ-बेसनाच्या पाण्यात वाढवून फवारतात त्या पुसा डिकंपोझरचंही तेच. खतासाठी तो ठीक, पण काडातला कर्ब तिथेच हवेत उडतो, टाकीपर्यंत काय येणार?

दुसरं कारण पऱ्हाटी स्वतः. ती काड नाही, लाकूडच आहे. वजनाच्या जवळजवळ चौथा भाग लिग्निन. घरगुती टाकीत ती गेली की टाकी चोंदणार, वर्षभर तशीच पडून राहणार. आणि हंगाम संपल्यावर पऱ्हाटी बांधावर रचून ठेवणं हे गुलाबी बोंडअळीला राहायला घर देणं आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. श्रेडरनं बारीक करून कंपोस्ट करा, किंवा गावात कुणी ब्रिकेटसाठी, म्हणजे जळणाच्या दाबीव विटांसाठी, घेत असेल तर देऊन मोकळे व्हा. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं, जिला सगळे सर्कॉट म्हणतात, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट, पेलेट, धिंगरीसाठी माध्यम असे बरेच मार्ग दाखवलेत. त्यांची माहिती मागवा.

प्रश्न : बाई, आमचा बारा जणींचा बचत गट धिंगरी अळिंबी करतो. आठवड्याला साधारण तीस बेड, म्हणजे काड आणि स्पॉन भरलेल्या पिशव्या, लावतो. तीन तोडे झाले की उरलेला बेड खड्ड्यात टाकून गांडूळखत करतो. गटातल्या एकीकडे दीनबंधू गोबरगॅस आहे. हे बेड त्यात टाकले तर चालतील का? खत कमी तर होणार नाही? (ता. कराड, जि. सातारा)

उत्तर : हे पत्र मी दोनदा वाचलं. औशाच्या दादांना मी नाही म्हटलं ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी तुम्हाला हो म्हणते. पाणी तापवायचा खर्च, स्पॉनचा खर्च, पंचवीस दिवसांची जागा, बुरशीचं खाणं, हे सगळं तुमच्या अळिंबीनं आधीच फेडलेलं आहे. मऊ केलेलं काड तुमच्या हातात फुकट पडतंय.

फुकट म्हणजे भरपूर मात्र नव्हे. तीन तोडे झाल्यावर सुरुवातीच्या किलोभर कोरड्या काडातलं साधारण दोन तृतीयांश उरतं. बेडमागे किलोभर कोरडं काड धरलं तर तीस बेड म्हणजे आठवड्याला वीस किलो, दिवसाला तीन किलोच्या आत-बाहेर. कागदावर त्याचा पाऊण घनमीटर गॅस होईल, चुलीवर अर्धा धरा. अर्ध्या घनमीटरात दोन माणसांचा दिवसाचा स्वयंपाक निघतो. पण खरा फायदा मला दुसराच वाटतो. हे काड हाताने चुरडलं की भुगा होतो, पाण्यात टाकलं की बुडतं. दीनबंधूसारख्या पक्क्या घुमटाच्या टाकीत गोधडी धरली की ती दिसतही नाही आणि ड्रमसारखी फिरवून मोडताही येत नाही, म्हणून तिथे बुडणारं काड फार मोलाचं.

तरी काही गोष्टी सांभाळा. पहिली, प्लॅस्टिक. पिशवी ब्लेडनं उभी चिरून पूर्ण काढा, सुतळी काढा, आणि हे काम ज्या घाईत असतात त्यांच्यावर सोपवू नका. आमच्याकडे एकदा पिशवीचा हातभर तुकडा बाहेर पडायच्या नळात जाऊन बसला. स्लरी आतच तुंबली आणि एका पहाटे मिसळायच्या कुंडीतून उलटी वर आली. अंगणभर. पाहुणे आलेले होते.

दुसरी, काड तुम्ही कशानं निर्जंतुक करता? बरेच जण शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि १२५ मिली फॉर्मॅलिन घालून सोळा-अठरा तास भिजवतात. दोन महिन्यांत फॉर्मॅलिन बहुतेक उडून जातं, पण तरी असे बेड चार दिवस उन्हात मोकळे पसरून मगच टाका, आणि थोडे थोडे. गरम पाण्याची पद्धत असेल तर हा प्रश्नच नाही. अळिंबी खाणाऱ्यांसाठीही मला गरम पाणीच बरं वाटतं, पण ते माझं मत झालं.

तिसरी, हिरवे डाग पडलेले बेड. म्हणजे ट्रायकोडर्मा शिरलेला. टाकीत ते चालतात, नुकसान काही नाही, फक्त गॅस कमी. पण ते चुरडताना तोंडाला ओढणी घट्ट बांधा. धिंगरीचे पांढरे बीजाणूही नाकात गेले की खोकला लागतो. आमच्या गटातल्या एकीला दोन वर्षं कुणालाच कळेना असा खोकला होता, अळिंबीच्या खोलीत जाणं थांबवल्यावर गेला.

टाकायचं कसं? बेड चुरून एक दिवस शेणाच्या पाण्यात भिजवा. शेण चार पाट्या असेल तर बेडची अर्धी पाटी, आणि बेड शोषून घेतो म्हणून पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त. कुंडीत काठीनं ढवळून मगच नळाच्या तोंडाचा बोळा काढा.

खताचं म्हणाल तर घाबरू नका. गॅस होतो तो कर्बाचा. नत्र, स्फुरद, पालाश जवळपास सगळं स्लरीतच उरतं, उलट नत्र पिकाला लगेच मिळेल अशा रूपात येतं. ढीग तेवढा लहान दिसेल. गांडूळखताचे वाफे बंद करू नका, त्यांना स्लरी वाळवून द्या. ताजी ओतली तर गांडुळं पळून जातात. हे मी पाहिलंय, रात्रीत भिंतीवर चढलेली होती.

प्रश्न : मॅडम, मी बी. एस्सी. ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बुरशीला प्राणवायू लागतो म्हणून ती टाकीत चालत नाही, असं तुम्ही एका लेखात लिहिलं होतं. हवेशिवाय जगणारी बुरशी नसतेच का? प्रोजेक्टसाठी मिसळकुंडीतच स्पॉन टाकून बघू का? (परभणी)

उत्तर : स्पॉन कुंडीत टाकलास तर तो बुडून मरेल, आणि शेणातले जिवाणू गव्हाचे दाणे खाऊन टाकतील. थोडा गॅस जास्त येईलही, पण तो गव्हाचा! तुझे सर फसतील कदाचित, मी नाही फसणार.

पण पहिला प्रश्न तू फार चांगला विचारलास. हवेशिवाय जगणारी बुरशी असते, आणि ती रोज तुझ्यासमोरून रवंथ करत जाते. गाईच्या पोटातल्या रूमेनमध्ये शेपटीवाले सूक्ष्मजीव पोहताना दिसायचे. कितीतरी वर्षं सगळे त्यांना प्रोटोझोआ समजत होते. १९७५ साली इंग्लंडमध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवलं की ते बुरशीचे पोहणारे बीजाणू आहेत. तोपर्यंत पुस्तकात पक्कं लिहिलेलं असायचं की सगळ्या बुरशींना प्राणवायू हवाच. आज त्या गटाला निओकॅलिमॅस्टिक्स वगैरे नावं आहेत. त्या काडात मुळांसारखे धागे घुसवतात, ते फोडतात आणि भरपूर सेल्युलेज सोडतात. लिग्निन खाऊन टाकत नाहीत, पण भिंतीला भगदाड पाडतात, मग जिवाणू आत शिरतात. गाय ज्वारीचा कडबा पचवते त्यात यांचा वाटा मोठा.

मग त्यांना टाकीत का सोडत नाहीत? सोडून पाहिलंय लोकांनी. सुरुवातीला गॅस वाढतो, नंतर त्या टिकत नाहीत. रूमेनमध्ये ३९ अंश तापमान कायम, लाळेतून सोडा येतो, खाणं सतत मिळतं. आपल्या टाकीत थंडीत वीस अंशसुद्धा मुश्कील. प्रोजेक्ट करायचाच असेल तर हे कर: ताजं शेण आणि चार महिने वाळलेलं शेण, दोन्हीत सारखंच बारीक काड घालून पाच लिटरच्या कॅनमध्ये ठेव, आणि पाणी भरलेल्या उलट्या बाटलीत गॅस गोळा करून रोज मोज. बाजूला तिसरा कॅन, काड न घालता, तो विसरू नकोस. काडाचं वजन कोरडं घे, आधी आणि नंतर दोन्ही वेळा. बाकी काय लिहायचं ते आकडे सांगतील.

प्रश्न : ताई, धिंगरीचे उरलेले बेड अंगणात टाकले होते, आमच्या गाईनं अर्धे खाल्ले. काही होईल का? (एका गृहिणीचा फोन, ता. मानवत)

उत्तर : बेड रसायनात भिजवलेले नव्हते, हिरवा-काळा बुरा आलेला नव्हता, आणि गाय रवंथ करतेय ना? मग काळजी नको. पांढऱ्या कुजीनं मऊ झालेलं काड जनावराला गोड लागतं. दक्षिण चिलीतल्या जंगलात पडलेले ओंडके अशाच बुरशीनं पांढरे, स्पंजासारखे होतात. तिथे त्याला पालो पोद्रिदो म्हणतात, म्हणजे कुजकं लाकूड, आणि तिथल्या गाई ते चक्क खातात. तुमच्या गाईनं तर नुसतं काडच खाल्लंय.

पण रसायनात भिजवलेले असतील, किंवा गाय सुस्त दिसत असेल, तर फोन मला नाही, जनावराच्या डॉक्टरांना करा. आणि उरलेले अर्धे बेड आजच उचलून गोठ्याआड ठेवा. गाईनं एकदा चव घेतलीय, आता ती दोर तोडून येईल.